अर्ध्या तासाचं अंतर, एकच मगरिब

अमृतसरहून लाहोरला जाणाऱ्या रस्त्यावर, जवळपास मध्यावर सरहद्द आहे. अलीकडे अटारी, पलीकडे वाघा. इथून माणसं पायी पलीकडे जात आणि तशीच परत येत. इकडे पासपोर्टवर शिक्का, थोडं चालणं, जमिनीवरची पांढरी रेघ आणि तिकडे दुसरा शिक्का. इकडचा हमाल रेघेपर्यंतच सामान नेई. तिथून ते तिकडच्या हमालाच्या डोक्यावर चढे.

रेघ ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे करायचं. परतताना तोच अर्धा तास पुन्हा पुढे. रोजा मात्र सूर्य मावळला की सुटतो. इकडे साडेसहा वाजलेले असतात, तिकडे सहा. पण खजुराकडे दोन्हीकडचे हात एकाच वेळी जातात. त्याच सुमारास दोन्ही झेंडे उतरतात. १९५९ पासूनचा हा शिरस्ता आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये पर्यटकांची हत्या झाली आणि त्यानंतर ही वाट बंद झाली. आपापल्या देशी परतण्यासाठी मोजके दिवस मिळाले. पलीकडे लग्न करून दिलेल्या काही लेकी तेव्हा माहेरी आल्या होत्या. त्यांचा पासपोर्ट भारतीय, मुलांचा पाकिस्तानी. मुलांना जाता येत होतं, आईला अडवलं जात होतं.

दहशतीच्या गोळीनं ज्यांचं घर उजाडलं, त्यांचं दुःख मोठंच. फाटकाशी मुलाचा हात धरून उभ्या राहिलेल्या आईचा मात्र त्यात काहीच दोष नव्हता. इफ्तारच्या दुआत दोघांनाही जागा असावी.