राग आलाय, एवढं कळलं तरी

मन शांत करायचं म्हणजे डोक्यातले विचार बंद करायचे, असं आमच्या वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर मुली धरून चालतात. मग डोळे मिटतात, विचार काही थांबत नाहीत आणि ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून नाद सोडतात. मी त्यांना सांगते, विचार थांबणारच नाहीत गं. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि त्याच्यावर न चिडता त्याला पुन्हा श्वासावर आणणं, सराव तो एवढाच. शंभरदा गेलं तर शंभरदा आणायचं.

मी हे इगतपुरीला शिकले. धम्मगिरी हे तिथलं ध्यानकेंद्र १९७६ पासून चालू आहे. ते उभारणारे सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. असह्य अर्धशिशीने हैराण होऊन ते तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, विपश्यना ही ध्यानपद्धती शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. दुखण्यापासून सुरू झालेली ही गोष्ट मला, एका नर्सला, फार जवळची वाटते.

दहा दिवसांचं शिबिर. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, मोबाइल जमा. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहायचा; मुद्दाम खोल घ्यायचा नाही, मोजायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायचं. तासभर न हलता बसलं की गुडघा ठणकतोच. त्या ठणक्याकडे नीट पाहत राहिल्यावर मला दिसलं की ठणका एक आणि ‘हा कधी थांबणार, मलाच का’ ही चडफड दुसरी. ठणका गेला नाही. चडफड मात्र ओसरली.

अमेरिकेत वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांना नेमकं हेच शिकवायला घेतलं. बौद्ध ध्यानातला सराव त्यांनी धार्मिक चौकटीबाहेर आणून आठ आठवड्यांच्या वर्गात बसवला. आज ‘माइंडफुलनेस’ नावाने जे सगळीकडे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

रात्रपाळीत या सरावाचा खरा कस लागतो. एका बेडचं सलाईन संपलेलं, दुसरीकडे उलटी, आणि नातेवाईक अंगावर येतो, “सिस्टर, किती वेळ झाला सांगतोय!” माझा जबडा आवळतो, कानशिलं तापतात. शब्द तोंडून सुटायच्या आधी अंगात हे घडतं आणि सरावाने ते वेळेत कळू लागतं. मी मनात म्हणते, राग आलाय. तेवढ्यावर आवाज न चढवता बोलता येतं, “दादा, ही उलटी आवरते आणि लगेच येते.” भावनेला नाव दिल्याने नेमकं काय होतं, ते कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ च्या प्रयोगात पाहिलं. चेहऱ्यांच्या फोटोंतल्या भावनेला लोक शब्द देत, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होत होती. भीती, धोका यांची दखल घेणारा हाच भाग.

याचा अर्थ राग गिळायचा, असा मुळीच नाही. भरलेल्या वॉर्डात रात्री दोनच सिस्टर असतात तेव्हा येणारा राग रास्त असतो आणि तो मी सकाळी लेखी मांडते. माणसं कमी पडतात तिथे ‘जरा ध्यान करा’ हे उत्तर मला मान्य नाही.

सुरुवातीला इगतपुरी गाठायची गरज नाही. साबणाने हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. आम्हाला ते दर पेशंटनंतर करावंच लागतं. तेवढा वेळ पाण्याचा गारवा, साबणाचा बुळबुळीतपणा, बोटांच्या बेचक्या यांवरच लक्ष ठेवा. मन पुढच्या कामावर पळेल, त्याला परत आणा.

मात्र ज्यांना तीव्र नैराश्य आहे, भास होतात किंवा जुना जबर धक्का अजून छळतो, त्यांनी एकदम दहा दिवसांच्या मौनात उतरू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शिबिराच्या अर्जात आजारांबद्दल विचारतात, तिथे काहीही न लपवता लिहा.