मज्जारज्जूची इजा आणि देहाची उष्णता

अंग तापले म्हणजे आत कोठेतरी संसर्ग असलाच पाहिजे आणि पॅरासिटामॉलने तो ताप उतरलाच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की, मानेतील मज्जारज्जू दुखावलेला मनुष्य वैशाखातल्या दुपारी केवळ खोलीच्या उकाड्याने १०२ अंश फॅरनहाइटवर जाऊ शकतो, हे पुष्कळांना खरेच वाटत नाही. वस्तुतः देहोष्णता ९८.६ अंशांच्या आसपास राखण्याचा हुकूम मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून सुटतो. परंतु घाम आणणे, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावणे वा आकसणे, या कामांची बजावणी करणारे मज्जातंतू मानेच्या खाली, छाती व कमरेच्या भागातल्या रज्जूतून निघत असल्यामुळे, रज्जू मानेतच निकामी झाला की तो हुकूम खाली पोहोचत नाही, आणि भर उन्हातही अंग कोरडे राहते. संसर्गात हायपोथॅलॅमसच तापमानाची पातळी चढवतो व गोळी ती खाली आणते. येथे पातळी चढलेलीच नसते, उष्णतेला बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद असते, म्हणून गोळी निरुपयोगी ठरते. अर्थात अशा रुग्णांत मूत्रमार्गाचा संसर्ग व शय्याव्रणही वारंवार आढळतात आणि संवेदना गेल्याने ते दुखत नाहीत. यास्तव गारव्यात नेऊनही ताप लवकर न उतरल्यास वैद्यकीय तपासणी अत्यावश्यक होय.

माझ्या मते सर्वांत घातक भरवसा पंख्यावरचा. चंद्रपूरकडे पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला असता हवा त्वचेहून तप्त असते, आणि घाम नसलेल्या अंगावर तिचा झोत उष्णता नेण्याऐवजी घालतोच. आधी ओल्या पंच्याने मान, छाती, हात भिजवावेत, मग पंखा लावावा. हिवाळ्यात पाय गार लागले म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी लावू नये. कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही.

उष्णतेविषयीचे असे गैरसमज मज्जासंस्थेच्या इतर विकारांतही आढळतात. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये थोड्या उष्णतेनेही दृष्टी अंधुक होते वा पाय लुळे पडतात, तेव्हा घरची माणसे रोग बळावला म्हणून हवालदिल होतात. श्रमानंतर नजर मंदावते, हे विल्हेल्म उहटॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच नोंदले होते. कारण श्रमाने वाढलेली उष्णता, हे मागाहून उमगले. आवरण झिजलेल्या तंतूंतून संदेश जाण्यास अर्ध्या अंश सेल्सिअसची वाढही अडथळा आणू शकते, आणि शरीर निवाले की बहुधा सारे पूर्ववत होते.

कंपवातात मात्र ‘औषधे उष्ण पडतात’ म्हणून उन्हाळ्यात लेव्होडोपा परस्पर बंद करणारे लोक आहेत. हे औषध एकाएकी थांबवल्यास जबर ताप, स्नायूंचा ताठरपणा व भ्रम उद्भवून प्राणावर बेतू शकते.