चक्रीवादळाच्या नकाशावरचा पांढरा शंकू नेमकं काय सांगतो?

सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळ क्यूबाकडून फ्लोरिडाकडे निघालं, तेव्हा त्यावर नजर ठेवून असलेल्या हवामानवेड्यांचं लक्ष टॅम्पा शहरावर होतं. अंदाजाची मधली रेषा तिथेच जात होती. २८ तारखेला वादळ धडकलं ते सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला, फोर्ट मायर्सजवळ.

एवढा फरक कसा? इयन किनाऱ्याला जवळपास समांतर येत होतं. अशा वेळी वादळ जरासं वळलं, तरी धडकण्याची जागा कितीतरी लांब सरकते.

म्हणूनच रेषेभोवती शंकू काढतात. मागच्या ५ वर्षांच्या अंदाजांतल्या चुका मोजून तो आखला जातो. वादळाचं केंद्र त्यात राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश. म्हणजे तीनपैकी एकदा ते बाहेरही जाऊ शकतं! शिवाय शंकू फक्त केंद्राचा असतो. वारा, पाऊस आणि उसळलेला समुद्र शंकूबाहेरही पोहोचतात. शेअर होणाऱ्या स्क्रीनशॉटवर ते दिसत नाही.

फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत येतं, तिथे घरं सोडण्याचा आदेश निघाला आदल्या दिवशी सकाळी. वादळाने थेट घेतलेल्या बळींपैकी निम्म्याहून जास्त जण किनाऱ्यावर चढलेल्या समुद्राच्या पाण्यात गेले.