किंमत बॅटची की चिठ्ठीची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मराठवाड्यात लिलावाला ‘हर्रास’ म्हणतात. लिलाव हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला. हर्रास अरबीतून निघून निजामाच्या राजवटीत आमच्याकडे मुरला. मोंढ्यावर ज्वारीची हर्रास पाहिली असेल तर आठवून बघा. खरेदीदार ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडतो आणि मगच बोली बोलतो. नेकनूरच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय, त्याला चार पावले चालवल्याशिवाय कुणी रुमालाखाली हात घालत नाही. माल समोर असतो आणि आपली साक्ष आपणच देतो.

खेळाडूंनी वापरलेल्या वस्तूंच्या लिलावात मात्र माल मुका असतो. बॅट हातात घेतली, कितीही निरखली, तरी ती कुणाच्या हातात होती, कोणत्या डावात होती, हे ती सांगत नाही. ते सांगते तिच्यासोबतची चिठ्ठी. लाकडाचे मोल काही हजार. बाकीचे लाखो रुपये चिठ्ठीचे. म्हणूनच चिठ्ठी चुकली की सगळेच चुकते.

आपल्या देशातलेच उदाहरण घेऊ. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. मायदेशी परतल्यावर त्याने एक भाला पंतप्रधानांना भेट दिला. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ई-लिलाव झाला, त्यात तो दीड कोटी रुपयांना गेला. तो क्रिकेट नियामक मंडळाने घेतल्याचे पुढच्या वर्षी समजले. अनेक बातम्यांत त्याचे वर्णन ‘सुवर्णपदक जिंकून देणारा भाला’ असेच होते. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नीरजने स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील ऑलिंपिक संग्रहालयाला एक भाला दिला. तोही टोकियोच्या सुवर्णपदकाचा भाला म्हणूनच!

यात कुणी लबाडी केली असे मला मुळीच म्हणायचे नाही. भालाफेकीत खेळाडूजवळ एकच भाला नसतो. शिवाय स्पर्धेसाठी आत दिलेला भाला मैदानावर इतरांनाही वापरता येतो. टोकियोच्या अंतिम फेरीत नीरज आपला भाला शोधत होता आणि तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता. त्यावरून आपल्याकडे केवढी राळ उडाली! अखेर नीरजलाच सांगावे लागले की यात गैर काही नाही, हा नियमच आहे. आता ‘नीरजचा भाला’, ‘नीरजने टोकियोत वापरलेला भाला’ आणि ‘ज्या फेकीला सुवर्ण मिळाले त्या फेकीचा भाला’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. तिन्हींची किंमत वेगळी. बातमीदाराची लेखणी पहिल्या वाक्यावरून तिसऱ्यावर कधी घसरते, त्याचे त्यालाही कळत नाही. आम्हा कवींना हा प्रकार नवा नाही. गालिबच्या नावावर असे कितीतरी शेर फिरतात, जे त्याने कधी लिहिलेच नाहीत.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? मॅराडोनाच्या सदऱ्याची गोष्ट यासाठी ऐकण्याजोगी आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध त्याने दोन गोल केले. एक हाताने ढकललेला, दुसरा अर्धे मैदान चिरत जाऊन केलेला. दोन्ही उत्तरार्धात. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी सदऱ्यांची अदलाबदल केली. २०२२ मध्ये सदबीज या लिलावगृहाने तो सदरा विक्रीला काढला, तेव्हा मॅराडोनाची मुलगी म्हणाली, हा तो सदरा नव्हेच, हा पूर्वार्धातला आहे! म्हणजे सदरा मॅराडोनाचा, सामनाही तोच. वाद फक्त मध्यंतराच्या अलीकडचा की पलीकडचा एवढाच. पण त्या मध्यंतरात लाखो पौंड अडकलेले होते.

निकाल छायाचित्रांनी लावला. ते निळे सदरे अर्जेंटिनाच्या संघाने ऐनवेळी मेक्सिको शहरातल्या दुकानातून आणले होते. त्यांवर बोधचिन्हे घाईघाईने शिवली होती, आकडे चंदेरी रंगाचे चिकटवले होते. घाईचे काम कधी एकसारखे होत नाही, हे कोणताही शिंपी सांगेल. प्रत्येक सदऱ्यावर चिन्ह थोडे तिरके, आकडा थोडा वर-खाली. तज्ज्ञांनी सामन्याच्या छायाचित्रांशी हे बारकावे ताडून पाहिले आणि तो उत्तरार्धातलाच ठरला. ७१ लाखांहून अधिक पौंडांना तो विकला गेला. बॅटच्या बाबतीत हेच काम लाकडाच्या रेषा करतात. दोन बॅटींच्या रेषा सारख्या नसतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. चेंडूचे डागही बोलतात. पण एकदिवसीय सामन्याच्या बॅटवर लाल डाग दिसले म्हणून लगेच ओरडू नये, सरावात लाल चेंडू खेळला असेल.

चिठ्ठी लिहिताना खरी असते आणि नंतर खोटी पडते, असेही घडते. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत टॉम ब्रेडी या फुटबॉलपटूच्या ‘शेवटच्या टचडाउनचा चेंडू’ पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. लगेच दुसऱ्या दिवशी ब्रेडीने निवृत्ती मागे घेतली! लिलावगृहाने तो व्यवहार रद्द केला. शोभले त्यांना.

आता आमच्या ओळखीतली हकिगत. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी इंटरनेटवरच्या लिलावात एका नामांकित फलंदाजाचा ‘सामन्यात वापरलेला’ टी-शर्ट घेतला. साठ हजार रुपये. नातवासाठी, काचेच्या चौकटीत लावायला. चिठ्ठीवर सामन्याची तारीख होती. नातवाने मोबाईलवर त्या सामन्याची छायाचित्रे काढली आणि म्हणाला, “आजोबा, बाहीवरची ही जाहिरात तर पुढच्या वर्षी आली.” गुरुजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. पैशांपेक्षा नातवासमोर फसल्याची लाज जास्त. मी त्यांना म्हटले, “गुरुजी, शर्ट खोटाच आहे असे कशावरून? कदाचित त्याच खेळाडूचा असेल, पण दुसऱ्या हंगामातला. चूक शर्टाची की चिठ्ठीची, हे आधी ठरवू.”

अशा वेळी पहिली गोष्ट, वस्तू धुवायची नाही, पुसायची नाही, चिठ्ठी काढायची नाही. लिलावाच्या वेळचे वर्णन आणि छायाचित्रे जपून ठेवायची. विक्रेता ती नंतर बदलू शकतो. मग लेखी विचारायचे, वस्तू तुमच्याकडे कुणाकडून आली? जुन्या वतनाला सनद लागायची, तशी इथेही लागते. कोणत्या हातातून कोणत्या हातात, याची साखळी. २०२० मध्ये पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाने पाकिस्तानच्या अझर अलीची त्रिशतकाची बॅट घेतली. कोरोनाग्रस्तांच्या मदतीसाठी ती त्याने स्वतःच लिलावात काढली होती. तिथे साखळीत एकच कडी. बहुतेकांचे नशीब एवढे बरे नसते.

विक्रेता दाद देत नसेल तर कायदा आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम १५ सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ‘जसे आहे तसे’ अशी ओळ विक्रेते घालतात खरी, पण वस्तूची अवस्था आणि वस्तूची ओळख या दोन बाबी निराळ्या, हा मुद्दा वकिलाकडून मांडून घ्यावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. मात्र पुन्हा विकून नफा कमवायला घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही. आणि चिठ्ठी खोटी आहे हे कळल्यावर तीच चिठ्ठी लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे ही सरळ फसवणूक आहे.

गुरुजींनी छायाचित्रांसह नोटीस पाठवली. दीड महिन्याने विक्रेत्याने कळवले, की शर्ट परत करून पूर्ण रक्कम घ्या, किंवा शर्ट ठेवा आणि निम्मी रक्कम घ्या. गुरुजींनी शर्ट परत केला. नातवाचे आता वेगळेच चालले आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पुन्हा गावी आला की त्याच्याकडून धावण्याचे जुने बूट मागायचे आणि कोणत्या शर्यतीत वापरले ते तारखेसह त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे, असा त्याचा बेत आहे.