शेजारच्या निवडणुकीचे पाच पैसे

७ डिसेंबर १९७० रोजी पाकिस्तानात प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि स्त्रियांच्या राखीव जागा धरून राष्ट्रीय सभेच्या ३१३ पैकी १६७ जागा, त्याही साऱ्या पूर्व बंगालातल्याच, शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या, तेव्हा त्या निकालाची झळ बुलढाणा जिल्ह्यातील डाकघरांपर्यंत येऊन पोहोचेल असे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. परंतु बहुमताच्या हाती सत्ता सोपविण्याऐवजी पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांनी सभेची बैठक तहकूब केली, २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर घातले, आणि पुढील काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारताच्या आश्रयास आले. ३१ मार्च रोजीच आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेस एकमुखाने पाठिंबा जाहीर केला होता. पण एवढ्या माणसांच्या पोटापाण्याची तजवीज करावयाची तर खजिन्यात भर पडणे प्राप्तच होते.

सबब १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला. खामगाव, मेहकर वा चिखलीहून पाकीट धाडणाऱ्यास नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक तिकीट डकवावे लागे. आरंभी कुटुंबनियोजनाच्याच तिकिटांवर निर्वासित साहाय्याची अक्षरे छापून काम भागविले गेले, आणि डिसेंबरात निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले. लोकमताचे अभ्यासक सभांचे आणि ठरावांचे दप्तर चाळतात; मला ही चिमुकली तिकिटे अधिक बोलकी वाटतात, कारण शेजारच्या मतदारांचा कौल पायदळी तुडविला गेला त्याचा भार येथील सामान्य माणसाने पत्रागणिक उचलला. १६ डिसेंबरला यातूनच उद्भवलेले भारत-पाकिस्तान युद्ध संपले, निर्वासित माघारी गेले, तरी कराचा अंमल ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला.