आवक, जावक आणि प्रीतिसंगम

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात आणि एकाच पात्रानें पूर्वेकडे वळतात. दोघींस एकदम पूर आला कीं तें पात्र अपुरें पडतें व पाणी घाटाच्या पायऱ्या चढूं लागतें. संगणकांच्या जाळ्यांतही हाच प्रश्न उभा राहतो.

तेथें संदेश लहान लहान पाकिटांनीं प्रवास करतो. पाकिटांस वाट दाखविणारा स्विच हा दरवेळीं धातूचा डबाच असतो असें नाहीं. ओपन व्ही-स्विच ही निव्वळ आज्ञावली आहे. येणारीं पाकिटें आवकेच्या रांगेंत थांबतात, जाणारीं जावकेच्या.

या स्विचला २०१४ सालच्या २.२ या आवृत्तींत डीपीडीके या साधनाची जोड मिळाली. तेव्हांपासून प्रोसेसरचे कांहीं कोअर केवळ रांगांवर अखंड नजर ठेवण्यास नेमतां येतात. मात्र मूळ योजनेंत अशा प्रत्येक पोर्टास आवकेची रांग एकच असते, आणि एक रांग एकाच कोअरच्या स्वाधीन असते. सारा भार एका पोर्टावर असेल, तर चार कोअर नेमूनही तिघे रिकामे राहतात. रांगा चार केल्या कीं काम वांटलें जातें. पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या पत्त्यांवरून जाळ्याचें कार्ड एक अंक काढतें आणि त्यावरून रांग ठरवितें. त्यामुळें एका संभाषणाचीं पाकिटें एकाच रांगेंत क्रमानें राहतात. पण एकच संभाषण अवजड असेल, तर रांगा वाढवून लाभ नाहीं.

जावकेच्या रांगा स्विच स्वतःच मागतो: प्रत्येक कोअरमागें एक, आणि इतर कामांसाठीं आणखी एक. कार्डाजवळ तितक्या नसल्या, तर कोअरांना एकच रांग आळीपाळीनें वापरावी लागते व वेळ जातो.

रांगेची लांबी सामान्यतः २०४८ पाकिटांची असते. ती वाढविल्यानें क्षणिक लोंढा सांवरतो. परंतु आवक सतत अधिक असेल, तर केवळ खोळंबा वाढतो आणि अखेर पाकिटें गळतातच. पाटण खोऱ्यांतील रुग्णाशीं कऱ्हाडचा डॉक्टर पडद्यावरून बोलत असेल, तर उशिरां आलेलें पाकीट न आल्यासारखेंच.

म्हणून गळती कोणत्या रांगेंत होते हें प्रथम पाहावें, मग रांगा व कोअर यांचा मेळ घालावा. लांबीस हात शेवटीं लावावा. घाटाच्या पायऱ्या वाढविल्यानें पूर ओसरत नाहीं. पाण्यास वाटच द्यावी लागते.