माहिती चौकट : कचऱ्यातले शेअर, शेअरमधला कचरा

पुनर्प्रक्रिया कंपन्यांच्या शेअरमधील तेजीचा आधार : ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू. उत्पादकाने ठरलेल्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया करवून घ्यायची. त्यासाठी नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडून ईपीआर (विस्तारित उत्पादक जबाबदारी) प्रमाणपत्रे विकत घ्यायची. प्लास्टिक आणि बॅटऱ्यांनाही अशीच व्यवस्था. मागणी खरी आहे, म्हणूनच तिच्या नावावर अफवाही खपतात.

पंप अँड डंप : कमी उलाढालीचा शेअर आधी गुपचूप गोळा करायचा. मग आपसांत खरेदी-विक्री करून भाव चढवायचा, टेलिग्राम-यूट्यूबवर 'टिप' सोडायची आणि लोक धावले की माल त्यांच्या गळ्यात मारायचा. यूट्यूब व्हिडिओंच्या अशा वापराबद्दल भारताचा बाजार नियामक सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढले होते.

हिशेबातली फसवणूक वेगळी : प्लास्टिकपासून इंधन बनवणाऱ्या जेबीआय या कंपनीवर अमेरिकेच्या बाजार नियामकाने जानेवारी २०१२ मध्ये कारवाई केली. आरोप मालमत्तेचे मूल्य फुगवल्याचा होता.

कायदा : सेबीचे फसव्या व्यवहारांविरोधी नियम, २००३. दंड किमान ५ लाख रुपये. कमाल २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतील जास्त असेल तो.

शेअर घेण्यापूर्वी तपासा :
- कंपनीची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणी आणि मंजूर क्षमता
- प्रवर्तकांनी तारण ठेवलेले समभाग
- शेअर 'एएसएम' किंवा 'जीएसएम' देखरेख यादीत आहे का

तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर नोंदवता येते.